देवाचा पलंग

आषाढी वारी जवळ आली की पंढरपुरात चांगला दिवस बघून विठोबाचा पलंग काढतात. पलंग निघाला की शेजारती बंद, आणि देव चोवीस तास दर्शनाला उभा. लाखो माणसं पायी चालत आलेली असतात, त्यांना 'देव आत्ताच आडवे झालेत, सकाळी या' असं कोण सांगणार? मात्र इतकं उभं राहून त्याची पाठ धरेल याची काळजी तिथल्या लोकांना असते, म्हणून मागे मऊ लोड देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा. ऊन पाण्याने अंघोळ, पायांना लिंबू-साखर, रात्री शिणवट्यावर काढा, आणि पलंग पुन्हा जागच्या जागी.

हे मला बरंच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा भक्ती वगैरे दाटून न येता सरळ हेवा वाटला. आमचा पलंग लेकाच्या जन्माबरोबर निघाला. लेक आता सतरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड, उंचीने बापाच्या वर. वारी काही संपत नाही, आणि लोड द्यायचं कुणाला सुचत नाही. काढा मिळतो, पण तो माझा मीच केलेला.

आमचे चिरंजीव स्वमग्न आहेत. म्हणजे ऑटिझम. रात्री अडीचला उठून ते घरातल्या पंख्यांचे रेग्युलेटर नीट चालतात का ते तपासतात. तेही एकदाच नाही, कारण मधल्या वेळात बिघडलेले असू शकतात. लोकलमधल्या सगळ्या उद्घोषणा त्यांना पाठ आहेत. आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे हा क्रम आमच्या घरात रामरक्षेपेक्षा जास्त वेळा म्हटला जातो. स्वतःचं नाव सांगायला त्याला नऊ वर्षं लागली. पण 'कृपया गाडी आणि फलाटामधील अंतरावर लक्ष ठेवा' हे वाक्य तो पाचव्या वर्षी अस्खलित म्हणायचा. शेजारणी म्हणायच्या, किती शुद्ध मराठी बोलतो!

अशा मुलाची आई झालं की लोक तुमच्याशी फार आदराने वागायला लागतात. लग्नकार्यात, बसस्टॉपवर, दुधाच्या रांगेत कुणीतरी हात हातात घेतं आणि सांगतं, 'अहो, देव अशी मुलं खास आयांनाच देतो.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे पुढे मला त्या निवड समितीबद्दल कुतूहल वाटायला लागलं. अर्ज कधी भरला मी? मुलाखत कुठे झाली? कुंडीतली तुळस दोन महिन्यांवर जगवता न येणारी बाई यांनी कशाच्या आधारावर पास केली? शेजारच्या इमारतीत एक बाई आहेत, तीन मुलांचा अभ्यास घेऊन वर शिकवण्या घेतात आणि तरी संध्याकाळी गजरा माळून फिरायला जातात. समितीने त्यांच्याकडे एकदा बघायला हवं होतं.

या कौतुकातली गोम लक्षात यायला वेळ लागतो. एकदा देवी म्हटलं की चहा कोण विचारणार? देवीला नमस्कार करतात, तिच्याजवळ तासभर बसून 'जा, तू जरा झोपून ये' असं कुणी म्हणत नाही. मला शंका आहे की नमस्कार स्वस्त पडतो म्हणूनच तो इतक्या सढळ हाताने केला जातो. आणि देवीला चिडता येत नाही. दुकानात लेकाने बिस्किटाच्या पुड्यांची रांग लावली आणि मी त्याच्यावर ओरडले, तर लोक अशा नजरेने बघतात की जणू साक्षात अन्नपूर्णेने वाटी भिरकावली.

देवी होण्याआधी मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, तो मधला मुक्काम कुणाला चुकत नाही. ग्रहणात भाजी चिरलीस का? डोहाळे कसले लागले होते? मोबाइल फार बघितलास का? सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळी लिहून जाते म्हणून आमच्याकडे कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. पुढे निदान झाल्यावर सासूबाईंनी पुष्कळ विचार करून निर्वाळा दिला की त्या बॉलपेनची रिफील सुकलेली होती. मला हे स्पष्टीकरण अजूनही सगळ्यात आवडतं. त्यात दोष माझ्यावर येत नाही, सटवाईवरही येत नाही, रिफिलीवर येतो.

आपल्याकडच्या अडाणीपणाला हसणाऱ्यांसाठी सांगायला हवं की शिकलेल्या देशांतही फार वेगळं नव्हतं. बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली स्वमग्न मुलांचं सविस्तर वर्णन केलं, आणि पुढे अमेरिकेत एक मत चांगलंच रुजलं की थंड, माया न करणाऱ्या आयांमुळे मुलं अशी होतात. फ्रिजसारख्या आया. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये याच अंगाने आख्खं पुस्तक लिहिलं आणि ते खूप वाचलं गेलं. बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्याआधीच, १९६४ मध्ये, हे सगळं मेंदूच्या जडणघडणीशी जोडलेलं आहे असं ठामपणे मांडलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, म्हणजे ते घरातून बघत होते. तोवर किती आयांनी स्वतःला बर्फाची लादी समजून रात्री काढल्या असतील कोण जाणे. आमच्या आयांच्या घरी त्या काळात फ्रिजच नव्हता, एवढाच आपला बचाव.

आरोप आणि आरती यांच्यामध्ये उपाय असतात. प्रत्येक नातेवाइकाचा एक देव असतो आणि तो दुसऱ्या नातेवाइकाच्या देवापेक्षा कडक असतो. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा. नरसोबाच्या वाडीला जा, गाणगापूरला जा, जाताना अक्कलकोट लागतंच. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन, सकाळी ब्राह्मी, रात्री भिजवलेले बदाम. आमच्या एका आतेसासूबाई तर, 'आइन्स्टाइनसुद्धा उशिरा बोलला' असं इतक्या विश्वासाने सांगायच्या की तो त्यांच्या माहेरच्या वाड्यात भाडेकरू असावा. मी बरंचसं केलं. खोटं कशाला बोलू, मनापासून केलं. वाडीला संध्याकाळी नदीचा वारा अंगावर घेत पायरीवर बसले होते, तेवढी पंधरा मिनिटं त्या वर्षातली सगळ्यात चांगली होती. मूल बोलू लागलं नाही, पण माझा श्वास जरा खाली उतरला. नवसाच्या हिशेबात अशी वसुली कुठे धरत नाहीत.

लेकाला मात्र देऊळ सोसत नाही. देव सोसतो, देऊळ सोसत नाही. घंटा, झांजा, आरतीचा टिपेचा सूर, धूप, खेटून उभी माणसं, हे सगळं त्याच्या अंगावर एकदम येतं. तो कानांवर हात ठेवून खाली बसतो आणि मग लोकांना वाटतं याला काहीतरी झालंय, म्हणून ते त्याच्या कानाशी आणखी जोरात 'विठ्ठल विठ्ठल' करतात. आम्ही यातून आमची वेळ शोधली. दुपारी दोन ते तीन. आमच्या जवळच्या छोट्या देवळात त्या वेळी गुरव खांबाला टेकून डुलकी काढत असतात, जाळीच्या आतला देवही जरा सैलावलेला दिसतो. फरशी थंड असते, पंखा फिरत असतो, आणि लेक गाभाऱ्याकडे पाठ करून त्या पंख्याकडे एकटक बघत बसतो. मी खांबाशी. कुणी काही मागत नाही. गुरव एकदा डोळे किलकिले करून म्हणाले होते, 'ताई, तुम्हीपण टेका की.' इतकी वर्षं देवदर्शन करून इतका उपयोगी आशीर्वाद मला दुसरीकडे मिळाला नाही.

आता बाकाबद्दल सांगते. मुलांच्या थेरपी सेंटरबाहेर एक बाक असतो. पुण्यात असो, नागपुरात असो, आमच्याकडे असो, बाक सारखाच, लोखंडी, एका बाजूला कललेला. आत मुलाची पाऊण तासाची थेरपी चालते, बाहेर बाकावर आयांची. ऑक्युपेशनल, स्पीच, फिजिओ हे शब्द या बाकावर वांगी-बटाट्यासारखे उच्चारले जातात. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातवरून एकवीस प्रकार झाले, यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या रांगेत पाण्याची बाटली आणि मुलाची आवडती वस्तू नेल्याशिवाय जाऊ नये, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च बसतो, हे मला कुठल्या कचेरीत नाही, या बाकावर कळलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला उचलून दोन जिने चढणारी एक ताई आहे, मूळची मिरजेची. मुलीची पाठ सरळ राहावी म्हणून आत रोज तिला व्यायाम देतात. बाहेर बसलेल्या ताईची पाठ कधीच धरलेली असते आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही, तिला स्वतःलाही नाही. श्रावणबाळाची कावड सगळ्यांना ठाऊक आहे. उलट्या कावडीची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही.

नाही म्हणायला अष्टावक्राची गोष्ट आहे. पोटात असताना बापाची चूक काढली म्हणून बापाने शाप दिला आणि पोर आठ ठिकाणी वाकडं जन्मलं. पुढे बारा वर्षांचं हे पोर जनकाच्या दरबारात जाऊन मोठ्या पंडिताला हरवतं. महाभारतात शाप आहे, वादविवाद आहे, बापाची सुटका आहे. त्याची आई सुजाता मात्र येते ती थोडक्यात. आठ ठिकाणी वाकलेल्या तान्ह्याला अंगावर कसं पाजलं, तेल कसं चोळलं, पहिलं पाऊल कधी टाकलं, यावर व्यास गप्प. बाक असता तर तिने सांगितलं असतं.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आम्हाला वरचेवर सांगतात की आईने स्वतःसाठी रोज एक तास काढावा. सुगंधी मेणबत्ती लावावी, आवडतं संगीत ऐकावं, कोमट पाण्यात पाय सोडून बसावं. मी हे एकदा करून बघितलं. मेणबत्ती लेकाने फुंकर मारून विझवली आणि 'हॅपी बर्थडे' म्हटलं, मग ती पुन्हा लावायला लावली, मग पुन्हा. तासाभरात माझे चाळीसेक वाढदिवस झाले. पायांच्या पाण्यात रिमोट सापडला. आमच्या घरात कडी लागणारं एकच दार आहे, बाथरूमचं. त्याच्या आत बादलीवर बसून मी जे पाच मिनिटं श्वास घेते, त्याला काय म्हणायचं ते पुरवणीवाल्यांनी ठरवावं. बाहेरून 'पुढील स्टेशन, ठाणे' असं ऐकू येत असतं. म्हणजे उतरायची वेळ झाली.

मग आणखी एक अपेक्षा असते, ती जरा बड्या लोकांची. मिठू अलूर यांची लेक सेरेब्रल पाल्सीची, त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. मेरी बरुआ यांचा मुलगा स्वमग्न, त्यांनी १९९१ साली दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम सुरू केली. या बायका नसत्या तर आमच्यासारख्यांच्या वाट्याला तो कललेला बाकही आला नसता, हे मी हात जोडून मान्य करते. पण त्यामुळे झालंय असं की कुणी भेटलं की विचारतं, 'मग तुम्ही काय सुरू केलंत?' मला खरं तर एक झोप सुरू करायची आहे. रात्री अकराला लागून सकाळी सहाला संपणारी. त्यासाठी नोंदणी कुठे करावी लागते?

उपासाचंही तसंच. मुलासाठी आया धडाधड उपास धरतात. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, जिवतीचे शुक्रवार. ज्यांना साखर आहे त्यांनीही धरलेले असतात. गंमत अशी की आषाढी एकादशीला विष्णू क्षीरसागरात झोपी जातो तो कार्तिकीलाच उठतो, चार महिने. (त्याच दिवशी पंढरपुरात तोच देव रात्रभर उभा असतो, ही दोन्हीकडची सोय फक्त देवालाच.) आणि नेमक्या त्या चार महिन्यांत आपल्या बायकांची व्रतं ओळीने येतात. मालक रजेवर, कामगार ओव्हरटाइमवर. बाकावरच्या एका आजीने, म्हणजे नातीला घेऊन येणाऱ्या, सोळा सोमवार मध्येच सोडले. कुणीतरी म्हणालं, 'अहो, उद्यापन तरी करायचं.' आजी म्हणाल्या, 'केलं ना. डॉक्टरकडे गेले, साखर तपासली, दुसऱ्या दिवसापासून गोळी चालू. शंकराला म्हटलं, पोरीला पंधरा वर्षं सांभाळायची आहे, तुला उपाशी बाई हवी की जिवंत?' शंकराचं उत्तर त्यांनी सांगितलं नाही, पण गोळी चालू आहे.

हे 'पंधरा वर्षं' म्हणजेच सगळ्याचं मूळ. बाकीच्या आयांना स्वतःकडे लक्ष द्यायचं ते ताजंतवानं वाटावं म्हणून. बाकावरच्या आयांना टिकायचं असतं. आमच्या गुडघ्यांचा, साखरेचा, रक्तदाबाचा हिशेब आमच्या वयावर चालत नाही, मुलाच्या वयावर चालतो. तो साठचा होईल तेव्हा मी नव्वदीच्या पुढे असेन, हे गणित मी कुठल्याही रात्री अडीच वाजता, रेग्युलेटरच्या तपासणीच्या वेळी, मनात करू शकते. अशा रात्री पुष्कळ आया देवाजवळ एक मागणं मागतात. आधी त्याला ने, दुसऱ्या दिवशी मला. हे मागणं मी ऐकलेलं आहे, बाकावर, हलक्या आवाजात, डब्यातली पोळी चुरत. त्याच्यावर टीका करायची माझी छाती नाही. मला इतकंच दिसतं की ज्या बाईला एक दुपार कुणी सोडवलं नाही, तिलाच कायमच्या सुटकेची तारीख ठरवावीशी वाटते.

कायदा आपल्या परीने बघतो. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, आणि मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापक बाईंच्या प्रकरणात सुनावलं की बाईने नोकरीत असणं ही मेहरबानी नव्हे, तो तिचा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि तिने नोकरीत टिकावं यासाठीच ही रजा आहे. वाचून बरं वाटलं. बाकावर मात्र नोकरी आधीच सोडलेल्याच जास्त. त्यांनी रजा मागायची कुणाकडे? राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची 'समर्थ' नावाची योजना आहे, काही दिवस मूल सांभाळून घरच्यांना उसंत द्यायची. कल्पना उत्तम. आमच्या बाकापासून तिचं केंद्र किती लांब आहे यावर मात्र तिची गोडी ठरते. आणि एक गंमत. न्यासाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे असा मुलगा अठराचा झाला की आई-बापांनी त्याचं कायदेशीर पालकत्व मिळवायला अर्ज करायचा असतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. आम्ही कागद जमवायला घेतलेत. म्हणजे येत्या वर्षी मी त्याची आई होण्यासाठी रीतसर उमेदवार असेन. बघा, निवड समिती शेवटी सापडली.

सरकारच्या फार आधी ही उसंतीची कल्पना आपल्या घरात होती, फक्त ती आपण देवीपुरती ठेवली. भाद्रपदात गौरी माहेरी येतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. तीन दिवस. त्या दिवसांत पार्वतीला कुणी विचारत नाही, कैलासावर गणपतीचं कोण बघतंय? (तिच्या लेकाचंही जरा वेगळंच प्रकरण आहे, मान-धडापासून.) तिला नवी साडी, सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि खेळ बघत बसायचं. माझं माहेर साताऱ्याजवळ. आई होती तोवर मी लेकाला घेऊन जायची, पण तिथे जाऊन मी तेच करायची जे इथे, फक्त अंगण मोठं असायचं. आईच एकदा म्हणाली, 'पुढच्या खेपेला एकटी ये.' मला राग आला होता. आईला नातू नको वाटतो की काय? तिला लेक हवी होती, बास.

पिठोरी अमावास्येचं सांगायला हवं. श्रावणातली अमावास्या, आमच्याकडे हा मातृदिन. आई खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि न बघता विचारते, 'अतिथी कोण?' मागे उभं असलेलं मूल म्हणतं 'मी', आणि ताट घेतं. सोपं काम. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्या प्रश्नाला प्रतिध्वनी यायचा, 'अतिथी कोण?' ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं हा त्याच्या बोलण्याचा भाग. मी पुढे, तो मागे, दोघंही एकमेकांना विचारतोय, अतिथी कोण, अतिथी कोण, आणि खीर गार. सासूबाई एका वर्षी वैतागून म्हणाल्या, 'अगं, ओटीवर जाऊन बघा तरी कोण आलंय ते!'

मग केव्हातरी तो आपलं आपण बोलायला लागला. पण 'मी' आणि 'तू' याची त्याच्याकडे अदलाबदल असते. आपण त्याला 'तुला भूक लागली?' विचारतो ना, म्हणून तो स्वतःच्या भुकेला 'तुला भूक लागली' म्हणतो. त्याच्या व्याकरणात तो स्वतः म्हणजे तू. त्या वर्षी मी ताट मागे धरलं, विचारलं, 'अतिथी कोण?' आणि स्वच्छ आवाजात उत्तर आलं, 'तू.'

बरोबरच होतं. शंभर टक्के बरोबर. मी ताट तसंच धरून उभी, हसू की रडू कळेना. सासूबाईंनी मात्र ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, 'ऐकलंस ना? बस खाली. अतिथीने आधी जेवायचं असतं.' त्यांनी पुऱ्या तळल्या, मी खाल्ल्या. लेक शेजारी बसून माझ्या ताटातल्या पुऱ्या फोडून त्यांतली वाफ घालवत होता. फुगलेल्या गोष्टी त्याला बघवत नाहीत. रिफिलीचं संशोधन करणाऱ्या याच सासूबाई, हे मुद्दाम सांगते. माणसाला एकाच गोष्टीसाठी लक्षात ठेवू नये.

मला स्वतःला जनीची गोष्ट सगळ्यात पटते. विठोबा जनीला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, पाणी भरू लागतो. लहानपणी वाटायचं, एवढा देव, तर जातं आपोआप फिरवायचं की! पीठ आकाशातून पाडायचं! त्याने तसलं काही केलं नाही. जात्याच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसला आणि खुंट्याला हात लावला. दळण तेवढंच राहिलं. मी हल्ली देवाकडे मुलगा बरा कर असं मागत नाही. तो आजारी नाही, तो तसा आहे. पलीकडच्या बाजूला कुणाला तरी बसव, एवढं सांगते.

आणि बसतात, हो. आमचे हे रविवारी पहाटे लेकाला घेऊन लोकलने निघतात, कर्जतला जातात, परत येतात, मग कसाऱ्याला जातात. दोघांना एकमेकांशी बोलायला लागत नाही आणि दोघांना तेच आवडतं. मी रविवारी साडेनऊपर्यंत झोपते. पहिले काही रविवार पडून राहून छताकडे बघत होते, झोपसुद्धा विसरायला होते.

संध्याकाळी समोरच्या काकू येतात. सत्तरीच्या, एकट्या. आधी त्या लांबून 'बिचारा' म्हणायच्या. एकदा माझा ताप बघून जपमाळ घेऊन येऊन बसल्या, म्हणाल्या, 'तू पड, माझा जप इथेच होईल.' लेकाने माळ हातातून घेतली. एकशे आठ मणी आणि वर मेरुमणी, त्याच्यासाठी याहून सुंदर वस्तू घरात नव्हती. एकेक मणी सरकवत, मेरुमण्याशी पोचला की तो म्हणतो, 'पुढील स्टेशन, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.' आणि माळ उलटी फिरवतो. मेरू ओलांडायचा नसतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटच्या स्टेशनातून गाडी परतच फिरते. काकू म्हणतात, त्यांचा जप इतका बिनचूक आयुष्यात झाला नव्हता. आता पाचला तो त्यांच्या दाराशी जाऊन उभा असतो. सव्वापाच झाले तर बेल, साडेपाच झाले तर दोन्ही बेली, त्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची.

मी त्या वेळात काय करते? मिरजेच्या ताईबरोबर फिरते. स्टेशनपर्यंत आणि परत. तिचा पाठीचा पट्टा आणि माझे नवे बूट, दोन्ही एकाच दुकानातून घेतले, भावात घासाघीस करून. बोलतो मुलांबद्दलच, पण चालताना. ते वेगळं असतं.

परवा काकूंनी जाहीर केलं की गौरीला त्या लेकीकडे नाशिकला जाणार, आठ दिवस. 'मलाही माहेरपण हवं की नको?' लेकीकडे माहेरपणाला जाणाऱ्या आईला काय बोलणार? मग पाच ते सहाचा शोध सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त बँकवाले गृहस्थ आहेत, जिन्यात फक्त मान हलवणारे. ते वर आले, दारात उभे राहिले, घसा खाकरला.

'मला मुलांचं काही जमत नाही,' ते म्हणाले. 'पेपर मोठ्याने वाचून दाखवला तर चालेल का?'

'चालेल की,' मी म्हटलं. 'फक्त रेल्वेच्या मेगाब्लॉकची बातमी आली तर गाळू नका. आणि शेअरबाजाराच्या पानापासून सुरुवात करू नका. त्याला आकडे आवडतात, तुम्हाला आठ वाजेपर्यंत सोडणार नाही.'

ते जरा विचारात पडले. 'आठ?' म्हणाले. 'आठला माझी गोळी असते. बरोबर घेऊन येतो.'